एका टेबलावरचे जेवण आणि पंक्तीचा प्रश्न

कोणी कोणाबरोबर बसून जेवावे, हा भारतीय धर्मविचारातला फार जुना प्रश्न आहे. लग्न कोणाशी करावे याच्या खालोखाल या प्रश्नावर नियम झाले आणि मराठी समाजाने ते दोन्ही ‘रोटीबेटी व्यवहार’ या एकाच नावाखाली बांधले. सातारा, कराड, सांगली, मिरज या शहरांत आज तरुण मित्रमैत्रिणी संध्याकाळी पिझ्झा-पास्ता मिळणाऱ्या हॉटेलात जमतात. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या किंवा सांगलीत विश्रामबागेतल्या अशा टेबलाभोवती मराठा, जैन, बौद्ध, ब्राह्मण, मुसलमान, धनगर, लिंगायत घरांतली मुले खेटून बसलेली असतात. मध्ये ठेवलेला पिझ्झा सगळ्यांचा असतो आणि ज्याच्या हाताला जो तुकडा येईल तो त्याचा. सव्वाशे वर्षांपूर्वी सातारा-सांगलीच्या या भागात हे घडू शकले नसते. ते शक्य कसे झाले आणि त्यामुळे मूळचा धर्मप्रश्न सुटला का, या दोन गोष्टींचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

आधी जुनी पंगत कशी होती ते पाहिले पाहिजे. पंगतीत माणसे समोरासमोर नव्हे, शेजारी-शेजारी बसतात. प्रत्येकाची पत्रावळ स्वतंत्र, पत्रावळीभोवती पाण्याची रेघ, चित्राहुती, आपोशन, आणि वाढणारा वरून वाढतो. उष्ट्या हाताचा कोणत्याही भांड्याला स्पर्श होत नाही. सगळ्यांनी एकदम सुरुवात करायची आणि एकदम उठायचे, मध्ये उठणारा पंक्तीचा अपमान करतो. एकाच पंगतीत एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी वाढणे याला पंक्तिप्रपंच म्हणतात आणि ते पाप मानले गेले. म्हणजे पंक्तीच्या आत समतेचा विचार होता, आणि तो कडक होता. फक्त पंक्ती कुठे संपते हे जातीने ठरत होते. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या पंक्तीला पवित्र करणाऱ्यांची आणि पंक्तीत बसू न देण्याच्या माणसांची अशा दोन्ही याद्या आहेत. आत बरोबरी आणि कडेला भिंत, ही रचना समजली म्हणजे पुढचा सारा वाद समजतो.

या भिंतीला तात्त्विक आधार दिला गेला तो अन्नशुद्धीच्या सिद्धांताचा. छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात आहार शुद्ध असेल तर अंतःकरण शुद्ध होते, आणि त्यातून स्मृती स्थिर होऊन गाठी सुटतात, असा क्रम सांगितला आहे. या एका विधानावर दोन थोर आचार्य वेगळ्या वाटांनी गेले. शंकराचार्यांनी आहार म्हणजे इंद्रियांनी आत घेतलेले सर्व काही, असा अर्थ केला: डोळ्यांनी पाहिलेले, कानांनी ऐकलेले, मनाने साठवलेले. त्यात राग, द्वेष, मोह नसणे म्हणजे आहारशुद्धी. रामानुजाचार्यांच्या परंपरेत आहार म्हणजे प्रत्यक्ष अन्न, आणि त्याला तीन दोष लागू शकतात. पहिला जातिदोष, म्हणजे कांदा-लसणासारख्या पदार्थाच्या मूळ स्वभावातला. दुसरा आश्रयदोष, म्हणजे ज्याच्याकडून अन्न आले त्या माणसामुळे लागणारा. तिसरा निमित्तदोष, म्हणजे केस पडणे, उष्टे होणे अशा प्रसंगाने लागणारा. पहिला आणि तिसरा दोष अन्नाविषयी बोलतात. दुसरा माणसाविषयी बोलतो. समाजाने हा दुसराच दोष सर्वांत घट्ट धरला आणि माणसाची शुद्धता त्याच्या वागण्यावरून न ठरवता जन्मावरून ठरवली. शंकराचार्यांचा अर्थ मानला असता तर जेवताना शेजारच्या माणसाचा तिरस्कार करणारा स्वतःच अशुद्ध आहार घेतो, असे म्हणावे लागले असते. तो अर्थ पाठशाळांत राहिला, स्वयंपाकघरांत पोहोचला नाही.

स्मृतिग्रंथांतही एकच सूर नाही. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात कोणाकोणाचे अन्न खाऊ नये याची लांबलचक यादी आहे. पण त्याच यादीच्या ओघात एक प्रसंग येतो. कंजूष वेदपंडिताचे अन्न आणि उदार सावकाराचे अन्न देवांनी तोलून सारखे ठरवले, तेव्हा प्रजापतीने त्यांना अडवले: उदार माणसाचे अन्न श्रद्धेने शुद्ध झालेले असते, दुसऱ्याचे अश्रद्धेने बिघडलेले. शूद्रांपैकी कोणाचे अन्न चालते हे सांगतानाही अर्धलीने शेत करणारा, गुराखी, न्हावी यांच्याबरोबर कुळाचा मित्र येतो. मैत्री ही नियमाला पडलेली फट आहे हे स्मृतिकारांनाही ठाऊक होते. ही फट रुंद करण्याऐवजी नंतरच्या शतकांनी ती बुजवली, हे मराठी समाजाचे फार मोठे नुकसान आहे.

ही भिंत पलीकडच्या बाजूने कशी दिसते याची सर्वांत स्पष्ट साक्ष सातारा जिल्ह्यातलीच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. शाळेत ते वेगळ्या तरटावर बसत, आणि शिपायाने नळ सोडला तरच त्यांना पाणी मिळे. 1901 मध्ये त्यांचे वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर रोखपाल होते. त्यांना भेटायला भीमराव, त्यांचे भाऊ आणि भाचे साताऱ्याहून रेल्वेने निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. येत असल्याचे पत्र वडिलांना मिळाले नव्हते, त्यामुळे न्यायला कोणी आले नाही. मुले महार आहेत हे कळताच गाडीवाले मागे हटले. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकावी आणि आपण बाजूने चालावे या बोलीवर. मुलांजवळ जेवणाचा डबा होता. पण प्यायला पाणी नव्हते. वाटेत दिसलेले पाणी चिखलाने आणि जनावरांच्या घाणीने भरलेले होते, आणि टोलनाक्यावर पाणी मागून मिळाले नाही. अन्न जवळ असून ती मुले उपाशी झोपली.

या प्रसंगात कोणी कोणाला पंक्तीतून उठवले नाही, कोणी ताट हिसकावले नाही. तरीही जेवण घडू शकले नाही, कारण जेवायला अन्नाइतकाच पाणी देणारा हात लागतो. सहभोजनाच्या प्रश्नाकडे अनेकदा शिष्टाचाराचा किंवा आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. मसूरच्या रस्त्यावर तो भुकेचा प्रश्न होता.

नियम मोडण्याचे पहिले संघटित प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबईत झाले. 1849 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापलेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे. आंबवलेल्या पिठाचा, दुसऱ्या धर्माच्या माणसाच्या भट्टीत भाजलेला तो तुकडा जात जाण्याला पुरेसा होता, म्हणून सभा गुप्त चाले. 1860 च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला जाऊन नावे उघड होण्याची वेळ आली आणि सभा मोडली. पिझ्झ्याचा तळही आंबवलेल्या गव्हाच्या पिठाचा, कोणाही माणसाने मळलेला आणि भट्टीत भाजलेला असतो. दीडशे वर्षांपूर्वी ज्यासाठी शपथ आणि गुप्तता लागत होती, ते आज सांगलीतली मुले मोबाइलवर मागवतात.

पुढे 1890 मध्ये पुण्याच्या ख्रिस्ती पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर आलेल्या चहा-बिस्किटांनी लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांना बहिष्कार आणि प्रायश्चित्ताच्या वादात ओढले. रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. बुद्धीने पटलेली गोष्ट घरच्या माणसांसमोर आणि नातलगांसमोर निभावता येत नाही, हा त्या प्रकरणाचा अर्थ आजही जुना झालेला नाही.

भक्तिपरंपरेने वेगळा मार्ग काढला होता. वारकऱ्यांच्या गोपाळकाल्यात सगळ्यांच्या शिदोऱ्या एकत्र कालवल्या जातात आणि तो काला एकमेकांच्या मुखी घातला जातो. येथे अन्न कोणाचे हा प्रश्नच पुसला जातो. आळंदीची पालखी सातारा जिल्ह्यातून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड अशी जाते, तेव्हा वाटेवरच्या गावांत हजारो माणसे अनोळखी लोकांच्या हातचे जेवतात. सज्जनगडावर येणाऱ्या कोणालाही महाप्रसाद मिळतो. माण तालुक्यातल्या गोंदवल्यात ब्रह्मचैतन्य महाराजांनी (1845–1913) अन्नदानालाच उपासनेचे स्थान दिले आणि ती प्रथा तेथे चालू आहे. या परंपरांचे मोल मोठे आहे. पण प्रसादाच्या अन्नात एक अट दडलेली असते: ते देवाचे म्हणून शुद्ध असते. देवाच्या दारात नियम शिथिल होतो आणि घराच्या दारात पुन्हा घट्ट होतो, असे शतकानुशतके घडत आले. काला खाऊन परतलेला वारकरी गावच्या पाणवठ्यावर जुनाच माणूस होता. संतांनी सांगितलेले तत्त्व अपुरे नव्हते. ते पाळण्याची जागा आणि वेळ लोकांनी मर्यादित करून टाकली.

नियम घराच्या आत मोडायचा तर काय करावे लागते, हे सातारा-सांगलीच्या मातीत कर्मवीर भाऊराव पाटलांनी दाखवले. त्यांचा जन्म 1887 चा, कुंभोजचा. घराणे वाळवा तालुक्यातल्या ऐतवडे बुद्रुकचे, जैन. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करायला त्यांनी नकार दिला, तेव्हा त्यांना बोर्डिंग सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. 1910 च्या सुमारास मिरज तालुक्यातल्या दुधगावात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढण्याच्या कामात ते होते. 1919 मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि 1924 मध्ये ती साताऱ्यात आली. साताऱ्यातल्या वसतिगृहाला 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव मिळाले.

या बोर्डिंगात मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी सगळी मुले एका छताखाली राहत होती, आणि कामे वाटून घेत होती. एकाने आणलेले पाणी दुसरा पीत होता, एकाने थापलेली भाकरी दुसरा खात होता. धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही मोडायला दिले. त्या 1930 मध्ये गेल्या. बोर्डिंगातले सहभोजन आणि सभेतले सहभोजन यांत महत्त्वाचा फरक आहे. सभेत लोक जाहीरपणे एक दिवस एकत्र जेवून घरी जातात. बोर्डिंगात रोजचा चुलीचा धूर, भांडी घासणे, कमी पडलेली भाकरी वाटून घेणे हे सगळे एकत्र होते. आश्रयदोषाचा सिद्धांत तेथे वादात हरवून संपवला नाही, रोजच्या भाकरीने तो निरर्थक केला. महाराष्ट्रात सहभोजनाचे जे जे प्रयोग झाले त्यांत हा सर्वांत खोल गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

हॉटेलाचा मार्ग याहून निराळा आहे. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे या दलित माणसाला चहाचे हॉटेल काढायला साहाय्य केले, स्वतः तेथे चहा घेतला आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजला. राजाने केलेली ती कृती पुढे कायद्याने सर्वांसाठी केली. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कोणाला मज्जाव करता येणार नाही, असे स्पष्ट लिहिले आहे. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली आणि 1955 च्या कायद्याने ती पाळणे शिक्षापात्र ठरवले. राज्यघटनेसारख्या दस्तऐवजात हॉटेलाचा उल्लेख यावा, यावरून हा प्रश्न किती मूलभूत मानला गेला ते कळते. आज पिझ्झ्याच्या दुकानात शिरणारा प्रत्येक गट, त्याला माहीत असो वा नसो, या अनुच्छेदाच्या आधाराने शिरतो.

कायद्याने दार उघडले, आणि आतली बरोबरी किमतीने आणली. यादीवर लिहिलेला दर सगळ्यांना सारखा. स्वयंपाक कोणी केला हे गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि शेजारच्या टेबलावर कोण आहे हे विचारण्याची सोय नसते. नव्या, परक्या पदार्थाचाही येथे उपयोग झाला. पुरणपोळी, मटणाचा रस्सा, सांडगे, भाकरी यांच्यामागे घराणी, जाती आणि सोवळ्याओवळ्याच्या आठवणी आहेत. नेपल्सहून निघून जगभर पसरलेल्या पिझ्झ्यामागे मराठी समाजातली कोणतीच जात नाही, म्हणून तो कोणालाच खालचा किंवा वरचा वाटत नाही. पंक्तीत प्रत्येकाची पत्रावळ वेगळी असे. येथे एकाच थाळीतून सगळे हाताने तुकडे उचलतात, आणि उष्ट्याचा विचारही मनात येत नाही. निमित्तदोष आणि आश्रयदोष दोन्ही एका संध्याकाळी विसरले जातात.

मग प्रश्न सुटला असे म्हणावे का? डॉ. आंबेडकरांनी 1936 मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, आणि मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे न झालेल्या भाषणात याचे उत्तर दिले आहे. सहभोजनाने जात मोडलेली नाही, एकत्र जेवणाऱ्या अनेक जाती आपापली जात टिकवून आहेत, खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याआड येणाऱ्या शास्त्रांच्या पावित्र्यावरचा विश्वास ढळला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप हॉटेलाच्या टेबलाला आणखी जोराने लागू पडतो. रत्नागिरीत सावरकरांनी घडवलेल्या सहभोजनांत निदान जाहीर निश्चय होता, जेवणाऱ्यांच्या यादीत नाव छापून येण्याचा धोका होता. हॉटेलातल्या जेवणात निश्चय लागत नाही. जात मागे टाकून आत यावे लागत नाही, ती फक्त बाहेर थांबते आणि निघताना पुन्हा बरोबर येते. पुष्कळ मित्र हॉटेलात भेटतात याचे एक कारण हेही असते की घरी बोलावले तर आईवडील आडनाव विचारतील. अशा वेळी टेबल हे भिंतीवरचे उत्तर राहत नाही, भिंतीला वळसा घालणारी वाट होते.

तरीही त्या टेबलाला तुच्छ लेखणे चूक ठरेल. एपिक्यूरस या ग्रीक तत्त्वज्ञाचे एक मत सेनेकाने नोंदवले आहे: काय खावे-प्यावे याच्या आधी कोणाबरोबर खावे-प्यावे हे पाहावे, मित्राविना खाणे हे सिंह-लांडग्याचे जिणे. अ‍ॅरिस्टॉटलही मैत्रीला एकत्र मीठ खाण्याचा काळ लागतो ही म्हण सांगतो. ‘कोणाबरोबर’ हा प्रश्न स्मृतिकारांनीही विचारला आणि ग्रीकांनीही. एकांनी तो वगळण्यासाठी विचारला, दुसऱ्यांनी निवडण्यासाठी. ख्रिस्ती परंपरेतही अँटिऑक येथे पीटर परधर्मातून आलेल्या अनुयायांबरोबर जेवायचा थांबला, तेव्हा पॉलने त्याला तोंडावर जाब विचारला. शीख गुरू अमरदासांनी भेटीला येणाऱ्या प्रत्येकाने आधी लंगरच्या पंगतीत बसावे असा दंडक घातला. श्रद्धेची खरी परीक्षा जेवणाच्या जागी होते, हे या सर्वांनी ओळखले होते.

येथे एक फरक नीट करायला हवा. सांगली भागातल्या दिगंबर जैन घरातला मुलगा सूर्यास्तानंतर जेवत नाही, किंवा कांदा-लसूण नसलेला पिझ्झा मागतो. मुसलमान मित्र हलाल नसलेले मांस घेत नाही, कोणी श्रावण पाळतो, कोणाची एकादशी असते. हे सगळे नियम पंक्तिभेदात, म्हणजे माणूस पाहून पंक्ती वेगळी करण्यात, मोडतात का? मोडत नाहीत. ओळखण्याची कसोटी सोपी आहे: शेजारी बसलेला माणूस बदलला तर नियम बदलतो का, हे पाहावे. जैन मुलाचा नियम शेजारी कोणीही असला तरी तोच राहतो. तो त्याच्या स्वतःच्या हिंसेविषयी आहे, दुसऱ्याच्या दर्जाविषयी नाही. असा नियम पाळणारा लिंबू-सोडा घेऊन टेबलावर बसून राहतो, आणि मित्र त्याच्यासाठी संध्याकाळी सहालाच भेटतात; मैत्री अशीच चालते. उलट ‘त्यांच्या घरचे नको, हॉटेलात चालेल’ हा नियम माणूस बदलताच बदलतो. मांस शिजणाऱ्या घरातले भांडे नको असे एखाद्याला मनापासून वाटत असेल, तर यजमान नवे पातेले काढून त्यात भाजी करू शकतो. तरीही पाहुण्याचा हात पुढे होत नसेल, तर अडचण पातेल्याची नव्हती.

शेवटचा भाग पैशाचा. अशा जेवणानंतर बिल बहुधा टीटीएमएम, म्हणजे तुझे तू माझे मी, असे वाटले जाते. त्यात न्याय आहे, कोणी कोणाचा मिंधा राहत नाही. पण अन्नाने माणसे जोडली जातात ती देणे-घेणे फिटून गेल्याने नव्हे, थोडे बाकी राहिल्याने. आज तुझ्याकडे जेवलो, पुढे माझ्याकडे ये, या उधारीतून घरे एकमेकांना उघडतात. बिल बरोबर वाटून झाले की ही उधारी उरत नाही, आणि प्रत्येकाची आई मुलाच्या मित्राला ओळखत नाही ती नाहीच.

हॉटेलातल्या टेबलाने अर्धे काम केले आहे आणि ते खरे काम आहे. उरलेले अर्धे कायदा करू शकत नाही, बाजारही करू शकत नाही. ते त्या टेबलावरच्या मित्रांनीच करायचे आहे: पुढचे जेवण आळीपाळीने प्रत्येकाच्या घरी ठेवावे, घरातल्या रोजच्या ताटात वाढावे, आणि घरच्यांना आडनाव आधीच सांगावे.